पहिल्या लाथेत मोडणारं दार

लेमुएल गॅडीची दारं पहिल्या लाथेत मोडत. दुसरी लाथ लागली तर त्याला दोन दिवस जेवण गोड लागत नसे.

अमेरिकेतल्या विल्मिंग्टनला नदीकाठच्या स्टुडिओत तो छत्तीस वर्षं सुतार होता, आणि त्यातली निदान तीस वर्षं त्याने मोडायची दारंच केली. टीव्हीवरच्या गुन्ह्यांच्या मालिकांत पोलीस दार फोडून आत येतात, चोर दार फोडून बाहेर जातात, आणि भांडलेला नवरा बायकोच्या माहेरचं दार फोडतो. एकाही नटाच्या पायात तेवढा जोर नसतो. जोर असायचा तो लेमच्या करवतीत. दाराच्या मागच्या बाजूने, जिथे कॅमेरा बघत नाही तिथे, तो नागमोडी काप घेऊन ठेवी. कुलपाजवळची चौकट पोरांची खेळण्यातली विमानं करतात त्या हलक्या लाकडाची. नटाच्या गुडघ्याची उंची आधी फितीने मोजायची आणि त्या हिशेबाने कुलपाखाली खडूचा बारीक ठिपका द्यायचा. लाथ ठिपक्यावर बसली की दार लांब लांब ढलप्या उडवत उघडे आणि देशभरातले लोक आपापल्या सोफ्यावर म्हणत, काय ताकद आहे बघा गड्याची! कौतुक सगळं नटाच्या मांडीचं. त्याचं आपल्याला काही वाटत नाही, असं लेम म्हणे.

त्याचे वडील ईनॉक गॅडी हेही सुतारच, पण न मोडणाऱ्या दारांचे. गावातल्या तीन चर्चची दारं त्यांची, एका शाळेचं त्यांचं. दार पुरं झालं की ते स्टुलावर चढत आणि वरच्या कडेवर, जिथे धुळीशिवाय कुणी जात नाही, तिथे पेन्सिलीने 'ई. गॅ.' आणि साल लिहीत. पोरगा स्टुडिओत लागला तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "दार उघडायला असतं, नाहीतर बंद राहायला असतं. मोडायला दार कोण करतं?"

लेमचं तिथलं पहिलंच दार फसलं होतं. पंचवीस वर्षांचा होता, बापाच्या हाताखाली तयार झालेला. मोडायचं दार करायचं हे डोक्याला कळत होतं, हाताला कळत नव्हतं. हाताने आपल्या सवयीने सगळे सांधे घट्ट बसवले. म्हशीएवढा स्टंटवाला धावत आला, त्याने खांदा मारला, आणि तो दारावरून उडून मागच्या कुंडीत जाऊन बसला. सगळा सेट हसून लोळला. लेमची नोकरी जाता जाता राहिली. संध्याकाळी जेवताना ही हकिगत ईनॉकनी ऐकली, हातातला काटा खाली ठेवला, लेकाकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "शाबास."

ती पहिली शाबासकी आणि ती शेवटची. त्यानंतर लेमची दारं धडाधड मोडायला लागली आणि बापलेकांचं त्या विषयावरचं बोलणं संपलं. १९९४ साली ईनॉक गेले.

राहिली आई. मिस ऑल्थिया, गावभर मानाने असंच म्हणत, वय सत्त्याऐंशी, नाकावर राग आणि ओठांवर लिपस्टिक, दोन्ही रोज सकाळी ताजे. ती लेमच्या कामाला नावं ठेवत नसे, पण त्याचं नावही काढत नसे. लेमची मालिका रात्री नऊला लागे आणि ती साडेआठला झोपे. "जागी असते तर बघितली नसती का?" लेमने तिला सगळे भाग रेकॉर्ड करून दिले होते. सहा वर्षं ते तसेच पडून होते. चर्चमधल्या बायकांनी विचारलं की ती सांगे, "लेमुएल सुतारकाम करतो." कसलं, ते गुलदस्त्यात. हा हंगाम संपला की निवृत्त व्हायचं ठरवलेल्या एकसष्ट वर्षांच्या माणसाला आईने एकदा 'चांगलं केलंस' म्हणावं असं वाटावं, हे हसण्यासारखंच आहे. पण त्याला वाटत होतं. किडक्या दाताला गार पाणी लागावं तसं ते अधूनमधून लागायचं.

अशात त्या मालिकेचा शिकाऱ्यांचा भाग आला. जामिनावर सुटलेला माणूस तारखेला कोर्टात उगवला नाही की जामीन भरणारा त्याच्या मागे पकडून आणणारी माणसं सोडतो. पकडलं की बक्षीस. त्यांना सगळे शिकारी म्हणतात. गोष्टीतले दोघे शिकारी सख्खे भाऊ, धंद्यात नवे, अंगात मस्ती, डोक्यात घाई. रॅकली नावाच्या पळपुट्याच्या मागावर असतात, घराचा नंबर न बघताच दार फोडतात आणि भलत्याच भल्या माणसाच्या घरात घुसतात. पुढे रॅकली बाजूला राहतो आणि पोलीस ह्यांच्याच मागे लागतात.

दिग्दर्शिका रेनाटा व्हॉस घर शोधत गावभर हिंडली आणि शेवटी सायकॅमोर गल्लीतल्या जुळ्या घरापुढे गाडी थांबवून म्हणाली, "हेच." एक छप्पर, एक ओसरी, ओसरीला दोन्ही टोकांना पायऱ्या, आणि मधे शेजारी शेजारी दोन दारं, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं इतकी सारखी. "इथे तर कुणीही चुकेल!" रेनाटा खूश झाली. लेम गाडीतून उतरलाच नाही. ती दारं ईनॉकनी १९५८ साली, लग्नाच्या वर्षी, तंबाखूच्या पाडलेल्या गोदामाच्या तुळयांमधून केली होती. जुन्या पाइनचा लाल गाभा, घट्ट आणि तेलकट, पावसाळी दिवशी अजून राळेचा वास देणारा. डावीकडच्या ४१२ मध्ये आई राहत होती. उजवीकडचं ४१४ भाडेकरू गेल्यापासून रिकामं होतं.

लेमने दोन दिवस विषय टाळला. तिसऱ्या दिवशी आई ओसरीवर शेंगा सोलत बसली होती तेव्हा तो पायरीवर टेकला.

"ममा, स्टुडिओवाले विचारतायत. ४१४ मध्ये एक दिवस शूटिंग करू का म्हणून."

"कसलं?"

"शिकारी असतात. चुकीच्या घरात घुसतात."

"घुसतात म्हणजे? बेल वाजवून?"

लेम बुटाची नाडी बघत बसला.

"म्हणजे दार फोडून," ती म्हणाली. "ईनॉकचं दार फोडून."

"त्यांचं नाही गं. ते काढून ठेवायचं, तसंच दुसरं मी करून लावतो. ते फोडायचं. त्यांच्या दाराला ओरखडा येणार नाही. वचन देतो."

तिने चार शेंगा सोलल्या. "काढलेलं दार माझ्या नजरेसमोर राहील. ट्रकमध्ये नाही, स्टुडिओत नाही. आणि त्या दिवशी मी घर सोडून कुठे जाणार नाही. आधीच सांगून ठेवते."

त्याप्रमाणे ४१४ चं दार उतरवून तिच्या जेवणाच्या टेबलावर आडवं ठेवलं गेलं. तिने त्यावर नाताळातला टेबलक्लॉथ घातला आणि पुढचे तीन आठवडे त्यावरच नाश्ता केला. कॉफीच्या कपाखाली न चुकता बशी ठेवत होती.

लेम घरामागच्या वडिलांच्या कारखान्यात गेला. तिथे भिंतीला दोन फळ्या उभ्या होत्या, त्याच गोदामाच्या, त्याच तुळयांच्या उरलेल्या. ईनॉक गेल्यापासून लेमने त्यांना हात लावला नव्हता. कधीतरी काहीतरी मोठं करू म्हणून राखून ठेवलेल्या. तो एक अख्खी दुपार त्यांच्यासमोर उलट्या बादलीवर बसून राहिला. मग उठला आणि त्याने त्या फळ्या पापडाइतक्या पातळ कापल्या. हलक्या लाकडाची तीन दारं केली, कारण शॉट बिघडला तर पुन्हा घ्यावा लागतो, आणि तिन्हींवर ते पापड चिकटवले. बाहेरून बापाचं लाकूड, आतून लेकाची करामत.

रंगकाम ऑर्लीनचं. ऑर्लीन म्हणजे नवं ते जुनं करणारी बाई, वीस वर्षं लेमच्या जोडीला, तोंडाने तिखट. ती मूळ दारापुढे भिंग घेऊन बसली. मुठीभोवतीचा साठ वर्षांच्या हातांचा काळपट डाग तिने नव्या दारांवर उतरवला, उन्हाने उडालेला रंग उडवला, खालचे ओरखडे ओरखडले.

"कुत्र्याचं नाव काय होतं रे?"

"ड्यूक."

"ड्यूक डावखुरा होता," ऑर्लीन म्हणाली आणि डावीकडचे तीन ओरखडे आणखी खोल केले.

पहिलं दार ४१४ ला बसवलं त्या दिवशी लेमने मुद्दाम ओसरीवर जास्त खुडबुड केली. ४१२ चा पडदा हललासुद्धा नाही. आई बाहेर आली ती उलट्या दिशेने, टपालपेटीकडे, आणि पत्रं घेऊन तशीच आत गेली. नव्या दाराकडे तिने मान वळवली नाही. लेमने हत्यारं गोळा केली आणि ऑर्लीनला उगाचच एका ब्रशवरून बोलला. ती त्याला उलट बोलली नाही, यावरून तिला सगळं कळलं होतं असं समजावं.

शूटिंगच्या दिवशी गल्लीत सकाळपासून ट्रक लागले. मोठ्या भावाचं काम करणारा कॉलबी स्ट्रॅटन उमदा पोरगा होता, दात पांढरेशुभ्र, पण सूचना अर्धी ऐकून "समजलं, समजलं" म्हणणारा. लेमने त्याचा गुडघा मोजला, दारावर खडूचा ठिपका दिला आणि त्याला तीनदा दाखवला. उजवीकडच्या पायऱ्यांनी चढायचं, पहिलं दार, ठिपका, लाथ.

"पहिलं दार, ठिपका, लाथ. समजलं, समजलं."

पण जेवणाच्या सुट्टीनंतर ऊन फिरलं. उजवीकडच्या पायऱ्यांवर झाडाची सावली अशी पडली की नटांची तोंडं दिसेनात. रेनाटाने कॅमेरा हलवला आणि सांगितलं, आता डावीकडून चढा, आईंच्या दारावरून पुढे या आणि दुसरं दार फोडा. कॉलबी म्हणाला, "समजलं, समजलं." लेम तेव्हा ४१४ च्या आत होता. दाराला मासे धरायची तंगूसाची दोरी बांधलेली असते. लाथ बसली की त्याच क्षणी आतून ओढायची, म्हणजे दार अडखळत नाही. हे काम तो दुसऱ्या कुणाला देत नसे. आत काळोखात उकिडवा बसून, दोरी हाताला गुंडाळून, आपल्या निवृत्तीच्या आधीच्या शेवटच्या दाराची तो वाट बघत होता. पलीकडे आई स्वयंपाकघरात बसली होती. 'ॲक्शन'पासून 'कट'पर्यंत भांडंही वाजवणार नाही असं तिने कबूल केलं होतं.

"ॲक्शन!"

ओसरीवर धावती पावलं. लेमने दोरी ताणली. आणि धाड् आवाज झाला तो समोरून नाही, भिंतीच्या पलीकडून.

लेमच्या हातून दोरी सुटली. तो आवाज त्याला ओळखीचा होता. लहानपणी उशिरा घरी आल्यावर तो बंद दारावर मुठी मारत असे, तेव्हाचा तो आवाज, भरीव, न हलणारा. कॉलबीने घाईत पहिलंच दार गाठलं होतं. ठिपका नाही, हे बघायला त्याला सवड नव्हती. लाथ ईनॉकच्या दारावर बसली, दार जागचं हललं नाही, कॉलबीचा अंगठा मात्र हलला. पण कॅमेरा चालू होता, दिग्दर्शिका थांबवत नव्हती, आणि पोरगा जिद्दीचा. त्याने दुसऱ्या लाथेसाठी मागे होऊन धाव घेतली.

आत मिस ऑल्थियाने एवढंच ऐकलं की कुणीतरी दार वाजवतंय. दार वाजलं की उघडायचं, ही तिची रीत 'ॲक्शन' आणि 'कट'च्या आधीपासूनची.

"आले, आले! दार काय फोडताय?" म्हणत तिने कडी काढली, आणि त्याच क्षणी कॉलबी स्ट्रॅटन एक पाय पुढे, दोन्ही हात हवेत, अशा थाटात तिच्या बाजूने सरळ आत गेला, गालिच्यावरून घसरला आणि जेवणाच्या टेबलाच्या पायाशी थांबला. मागून आलेला धाकटा भाऊ उंबऱ्यातच गोठला. त्याला लहानपणापासूनचं वळण आठवलं आणि त्याने टोपी काढली. "नमस्कार, मॅम."

कॉलबीला उठता येत नव्हतं, पण संवाद पाठ होता. बसल्या जागेवरून पिस्तूल रोखून तो ओरडला, "रॅकली कुठाय? बाहेर काढा त्याला!"

"इथे कुणी रॅकली-बिकली राहत नाही," मिस ऑल्थिया म्हणाली. "आणि नंबर बघायचा होता ना दारावरचा, एवढा पितळेचा लावलाय तो कशाला? आधी ऊठ. बाहेर जा, पाय पुस, आणि माणसासारखा आत ये."

कॅमेऱ्यामागे रेनाटा व्हॉसने स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरला होता. तिच्या लेखकांनी जे सांगायला चार पानं खर्ची घातली होती ते एका म्हातारीने एका दमात सांगून टाकलं होतं. "कट!" ती शेवटी ओरडली. "हे ठेवायचं! सगळं ठेवायचं!" ओसरीवर हशा आणि टाळ्या.

लेम तोपर्यंत धावत पुढे आला होता. तो हसला नाही. गुडघ्यांवर बसून तो ४१२ चं दार चाचपत होता. कुलपाच्या वर बुटाचा काळा ठसा होता, पंजाएवढा. लाकडाला काही झालं नव्हतं. पण ठसा होता.

"लेमुएल."

पूर्ण नाव. हशा आपोआप थांबला.

"तू वचन दिलं होतंस."

"हो, ममा."

"ओरखडा येणार नाही म्हणालास."

"हो." त्याने शर्टाच्या बाहीने ठसा पुसायला घेतला. कॉलबी चुकला, ऊन फिरलं, मी आत होतो, हे सगळं सांगण्यासारखं होतं. त्याने सांगितलं नाही.

"सामान उचला तुमचं," ती सगळ्यांना म्हणाली. "शिकार झाली. ह्या घराचं दुसरं दार कुणी फोडणार नाही."

रेनाटाने बोलायला तोंड उघडलं. ऑर्लीनने तिच्या दंडाला धरून मागे ओढलं. लेम उठला. छत्तीस वर्षांत आईला त्याने आपलं काम तोंडाने कधी बघ म्हटलं नव्हतं. मानी माणूस. आता मान राहिला नव्हता, म्हणून शब्द सोपे झाले.

"उचलतो, ममा. सगळं उचलतो. पण एकदा त्या दाराला हात लाव. फक्त हात लाव, मग घालव आम्हाला."

तिने त्याच्याकडे बघितलं, मग ओसरीवर चार पावलं चालत ४१४ पुढे गेली. मुठीभोवतीच्या काळपट डागावर तळवा ठेवला. तळवा तिथून खाली, चौकोनाच्या कडेने, ड्यूकच्या ओरखड्यांपर्यंत आणि परत वर गेला. ती पुढे झुकली आणि तिने लाकडाचा वास घेतला. मग गर्रकन वळली. आता ती खरी संतापली होती.

"हे ईनॉकचं आहे! मला काय आंधळी समजलास? हे त्याचं दार तू इथे लावलंस, लाथा मारायला, आणि माझ्या टेबलावर फळकुट झाकून ठेवलंस होय रे? तीन आठवडे मी बशा ठेवतेय त्याच्यावर!"

ऑर्लीनच्या तोंडून हुंदका आला की हसू, तिचं तिलाच कळलं नाही. लेमने आईला हात दिला आणि आत नेलं. टेबलापाशी कॉलबी खुर्चीत बसून अंगठा धरून होता. त्याला सरकवून लेमने नाताळचा टेबलक्लॉथ उचलला आणि दाराच्या वरच्या कडेवर बोट ठेवलं. फिकट पेन्सिलीत, तिरक्या अक्षरात: ई. गॅ. १९५८.

मिस ऑल्थिया वाकून ते वाचत राहिली. दोनच अक्षरं आणि एक साल, वाचायला तिला बराच वेळ लागला.

"मग ते बाहेरचं?"

"माझं."

"वास त्याच्या लाकडाचा आहे."

"कारखान्यातल्या त्या दोन फळ्या. पातळ कापून लावल्या."

"त्या तू जपून ठेवल्या होत्यास ना? मोठं काहीतरी करायला?"

"हेच केलं," लेम म्हणाला.

ती टेबलक्लॉथ घडी करत उभी राहिली. चारी टोकं नीट जुळवली. मग बर्फाच्या कप्प्यातून मटारची पिशवी काढून कॉलबीच्या अंगठ्यावर ठेवली आणि त्याला विचारलं, "दुसरा पाय चालतो का तुझा?"

"चालतो, मॅम."

"मग मार लाथ. पण मी समोर बसून बघणार. खुर्ची आणा कुणीतरी."

गल्लीतल्या फुटपाथवर कॅमेऱ्याशेजारी तिची खुर्ची पडली. लेमने कॉलबीचा डावा गुडघा नव्याने मोजला, जुना ठिपका पुसला, दोन बोटं सरकवून नवा दिला. आत जाऊन उकिडवा बसला. दोरी हाताला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. पहिल्या महिन्यात गुंडाळायचा तशी.

पावलं. लाथ. दोरी.

दार असं गेलं की लेमने स्वतः तसं गेलेलं कधी बघितलं नव्हतं. कुलपापासून वरपर्यंत लाल गाभ्याची एक ढलपी सळसळत चिरत गेली, चौकट फाटली, दार भिंतीवर आपटलं आणि ऊन आत आलं. त्या उजेडाबरोबर बाहेरून आवाज आला, "अरे देवा! बघितलंत का? माझ्या लेकाचं दार ते!" आणि जोरजोरात टाळ्या. आवाज ध्वनिमुद्रणात चढला, शॉट वाया गेला.

रेनाटा हसत म्हणाली, "मिस ऑल्थिया, तुमच्यामुळे पुन्हा घ्यावा लागेल."

"घ्या की," ती म्हणाली. "माझी ना नाही."

दुसरं दार लावलं, तेही पहिल्या लाथेत गेलं. त्या वेळी तिने रुमाल तोंडात धरला होता. तिसरं दार वापरायची पाळीच आली नाही. संध्याकाळी सगळे ओसरीवर तळलेला मासा आणि मक्याचा ब्रेड खात बसले. कॅमेऱ्यापुढे जो बोलला आणि ज्याचं बोलणं ठेवलं, तो रीतसर कलाकार, असा त्या धंद्याचा नियम. त्यामुळे मिस ऑल्थियापुढे कागद आले. तिने सगळी पानं चष्मा लावून वाचली आणि 'वृद्ध शेजारीण' यातला 'वृद्ध' खोडून मगच सही केली.

दोन महिन्यांनी रविवारी चर्च सुटल्यावर नऊ बायका आणि पास्टर तिच्या घरी आले, रेकॉर्ड केलेला भाग बघायला. तिसरं दार तेव्हा ४१४ ला लावलेलं होतं. काढू दिलं नव्हतं तिने. आत घेण्याआधी तिने सगळ्यांना ओसरीवर उभं केलं. "सांगा बघू, ह्यातलं ईनॉकचं कुठलं आणि लेमचं कुठलं?" बायकांनी हात फिरवले, वास घेतले, वाद घातले. पास्टर विचार करत ४१४ ला टेकायला गेले तशी ती ओरडली, "टेकू नका! पलीकडे जाल!" आत तिने स्वतःचा संवाद एकदाच दाखवला आणि दार फुटायचं चित्र सहा वेळा, रिमोट स्वतःच्या हातात ठेवून. शेवटी नावं धावायला लागली तेव्हा तिने एका जागी थांबवलं, आणि सगळ्यांना जवळ जाऊन वाचायला लावलं. सुतार, लेमुएल गॅडी. मग बाकीचे भागही लावायला सांगितले. सहा वर्षांचे.

पाहुणे गेल्यावर ती लेमला म्हणाली, "आता बापाचं दार जागेवर लाव."

"आणि हे? हे नेऊन टाकतो मी."

"टाकतोस कशाला? माझ्या जेवणाच्या टेबलावर येईल. सवय झालीय मला त्या उंचीची." ती ४१४ समोर उभी राहून दार वरपासून खालपर्यंत बघत होती. "वर नाव घातलंस का?"

"मोडायच्या दारावर कुणी नाव घालतं का, ममा? एक मिनिट टिकायचं ते."

"आणि ईनॉकचं नाव साठ वर्षांत कुणी वाचलं? मी, ते पण परवा." ती आत गेली आणि ईनॉकचं स्टूल घेऊन आली, धापा टाकत, कुणाला हात लावू न देता. कानामागून पेन्सिल काढली. चर्चपासून ती तिथेच खोचलेली होती, हे लेमच्या आता लक्षात आलं.

"चढ."

एकसष्ट वर्षांचा लेम स्टुलावर चढला. वरच्या कडेवर धूळ बसायला लागली होती, ती त्याने फुंकली. पेन्सिल टेकवली आणि अक्षर आठवेना म्हणून नव्हे, डोळ्यांपुढे धूसर झालं म्हणून थोडा थांबला. मग लिहिलं, ले. गॅ., आणि खाली साल.

खाली मिस ऑल्थियाने दोन्ही हातांनी स्टूल धरलं होतं. "चांगलं केलंस," ती वर बघून म्हणाली. "आता जपून उतर. धरू नकोस त्याला, मोडशील."